रेच्यावरचं बोलणं

अंतरामॅडमनी तुळजाबाईंच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि जीव खाऊन ओरडल्या. समोरच्या दुकानातल्या टेलरनं मशीनवरचा पाय थांबवून मान वर केली. गल्लीत झोपलेलं कुत्रं उठून बसलं. तुळजाबाईंच्या कानात मात्र नुसता गरम वारा शिरला, आणि त्याला शेंगदाण्याचा वास होता.

"आनखी जोरात बोला मॅडम," बेबीनंदा दारातून म्हणाली. "आत्याबाईंना बिलकुल ऐकू येत न्हाई."

हे तुळजाबाईंना कळलं. सून समोर उभी होती आणि तिचं तोंड दिसत होतं.

मॅडमनी डाव्या कानाशीही एकदा प्रयत्न करून पाहिला. मग दमून त्या मागं सरल्या, ओढणीनं घाम पुसला आणि तृप्तीकडं वळून साध्या आवाजात म्हणाल्या, "तूच सांग बाई आजींना. शनिवारी आपल्या वर्गात यायचं. जुन्या जिनिंगमध्ये काम कसं चालायचं ते सांगायचं. पुस्तकात आपल्या गावावर दोन ओळी आहेत, त्यात कामगार कुठंच नाही."

हेही तुळजाबाईंना अक्षर न् अक्षर कळलं. लगेच मान हलवावी असं त्यांना वाटलं. पण त्या थांबल्या. नात जवळ आली, कानात ओरडली, पुन्हा ओरडली, तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली.

ही विद्या जिनातली, म्हणजे त्या जुन्या जिनिंग कारखान्यातली. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की जिनात रेच्यांच्या, कापसातली सरकी काढायच्या यंत्रांच्या, दोन रांगा एकदम चालत. सरकी खाली पडे, रुई पुढं येई, हवेत पांढरा धुरळा भरे आणि आवाज असा की शेजारणीनं बोंब मारली तरी पत्ता लागू नये. तिथं कानाचा उपयोगच नव्हता. रेच्यात कापूस टाकता टाकता बाया समोरच्या रांगेतल्या बाईच्या ओठांकडं बघत आणि बोलत, आवाज न काढता. नाकातोंडात रुई जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या तोंडाला पदर असे. बोलायचं असलं की तो हनुवटीखाली ओढायचा. समोरचीचा पदर खाली गेला की समजायचं, काहीतरी सांगायचंय. अख्खा सीझन असा बोलण्यात जायचा. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, सगळं त्या गदारोळात सांगून व्हायचं.

जिन बंद पडलं आणि त्याच्या पाठोपाठ तुळजाबाईंचे कानही गेले. तेव्हापासून माणसं त्यांच्या कानाशी येऊ लागली. "समोरून बोला," असं त्यांनी सुरुवातीला सांगून पाहिलं. माणसं एक दिवस समोरून बोलत, दुसऱ्या दिवशी पुन्हा कानाशी. बहिऱ्याच्या कानातच ओरडायचं असतं हे प्रत्येक जण आईच्या पोटातून शिकून येतो, त्याला कोण काय करणार? आणि कानाशी आलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. म्हणजे जो कुणी तुळजाबाईंशी बोलायला येई, नेमकं त्याचंच बोलणं त्यांना कळत नसे. बाकी सगळ्या जगाचं कळत असे. त्यांनी सांगणं सोडून दिलं. मुलाला, राधेश्यामला, हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तो लहानपणी सीझनभर आष्टीला आजोळी असायचा. जिन त्यानं आतून कधी पाहिलंच नव्हतं.

मस्तगडाच्या त्या गल्लीत वरच्या खिडकीशी बसून तुळजाबाई दिवस काढत. टेलर गिऱ्हाइकाला "उद्या घेऊन जा" म्हणतो आणि गिऱ्हाईक वळलं की कारागिराला "सोमवारी बघू" म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून मोबाइलवर माहेरी काय सांगते, तेही. अख्ख्या गल्लीचं त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. यात सुरुवातीला मोठी गंमत होती. पुढं ती गंमत आटत गेली. ऐकायचं सगळ्यांचं आणि बोलायचं कुणाशीच नाही, हे फार दिवस जमत नाही.

यंदाची संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी राधेश्याम ताटावर बसला होता. त्याची जागा आईच्या खाटेच्या बरोबर समोर, भिंतीला टेकून. पहिला घास तोंडात घालायच्या आधी तो बायकोला म्हणाला, "पुण्याचं पक्कं झालं. कंपनीवाले जून म्हनून राह्यले."

तो बियाण्यांच्या कंपनीत माल पाठवण्याच्या खात्यात होता. बेबीनंदाचा चेहरा उजळला, मग तिनं खाटेकडं पाहिलं आणि काही विचारलं. पण विचारता विचारता ती तव्याकडं वळली आणि प्रश्न तव्यावर गेला. राधेश्यामचं उत्तर मात्र दिसलं.

"तिथं कशी न्यावी? तिसरा मजला, लिफ्ट न्हाई. आपन दोघं बाहेर, तृप्ती शाळेत. दिवसभर कुलपात ठिवायची का तिला? आष्टीला राहील. मच्छिंद्र हो म्हनलाय. तिचं माहेरच हाय ते."

तुळजाबाई भाकरी दुधात कुस्करत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. माहेर होतं हे खरं. पण भाऊ गेला, भावजय गेली, विहिरीवरच्या मैत्रिणी कुठल्या कुठल्या गावांत म्हाताऱ्या होऊन संपल्या. उरला भाचा मच्छिंद्र. तो बिचारा चांगला, पण वर्षातून एकदा भेटणारा, आणि आला की कानात ओरडणारा.

त्यानंतर रोज थोडं थोडं दिसत गेलं. आधी आईला पोचवायचं, मग सामान बांधायचं, तिच्यादेखत बांधाबांध नको. तिला काय सांगायचं? आत्ताच नको सांगायला. पोचल्यावर बघू. एकदा तृप्ती मध्येच बोलली होती, "आजी कशी राहील तिकडं?" आणि बेबीनंदानं तिला दटावून गप्प केलं होतं. तो प्रश्न तुळजाबाईंनी जपून ठेवला होता. खाटेवर आडवं पडलं की त्या तो पुन्हा पुन्हा बघत.

जायचं तर जाऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्या काय करणार होत्या? पोराची अडचण त्यांना दिसत होती. त्याच्या जागी असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. हवं होतं ते एवढंच, की त्यानं येऊन हे आपल्याला सांगावं. आपल्याबद्दल बोलले ते पुष्कळ झालं. आता कुणी आपल्याशी बोलावं. त्यासाठी त्या संधी काढत. सुईत दोरा ओवून दे म्हणत, पायाला तेल लावताना बाटली धर म्हणत. राधेश्याम यायचा, दोरा ओवायचा आणि कानाशी वाकून ओरडायचा. काय ओरडायचा ते वासावरून कळायचं. जेवणाचा वास असला की विचारणं एकच, जेवलीस का? त्या हो म्हणत. तो जायचा.

अंतरामॅडम येऊन गेल्या त्या संध्याकाळी बेबीनंदानं शाळेचं बोलावणं आल्याचं नवऱ्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "जाऊ दे की. जायच्या आधी तेवढंच जिवाला बरं वाटंल. रविवारी तर मच्छिंद्राची जीप येऊनच राह्यली."

म्हणजे रविवार. तुळजाबाईंनी दुधाची वाटी तोंडाला लावली.

शनिवारी सकाळची शाळा होती. तुळजाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि तृप्तीचा हात धरून हळूहळू चालत गेल्या. वर्गाच्या दारात पाय ठेवला आणि त्या थबकल्या.

समोर वर्गभर तोंडं होती. सगळी त्यांच्याकडं वळलेली, सगळी उजेडात, एकाचंही तोंड दुसऱ्याच्या आड नाही. घरात माणसं पाठ दाखवत, बाजू दाखवत, जवळ आली की कानाशी नाहीशी होत. शाळा ही अशी असते हे तुळजाबाईंना माहीत नव्हतं. त्या कधी शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यांना वाटलं, इथंच एक खाट टाकावी.

मॅडमनी फळ्यावर 'आपलं शहर, आपले कामगार' असं रंगीत खडूनं लिहिलं होतं. त्या तुळजाबाईंच्या शेजारी खुर्चीवर बसल्या आणि कानात ओरडल्या. काय ते कळलं नाही; पण आता बोलायचं असणार, एवढं उघड होतं. तुळजाबाई बोलू लागल्या. बहिऱ्या माणसाचा आवाज थोडा मोठा लागतो, तसा तो लागला. भोंगा झाला की कसं पळत जायचं, गेट बंद झालं तर दिवस कसा बुडायचा. कापूस कसा भरवायचा, बोटं कशी राखायची. परतताना भुवया पांढऱ्या बघून गल्लीतली लेकरं कशी भ्यायची. पुढच्या बाकांवरच्या मुली लिहून घेत होत्या. मधल्या बाकांवर कुणी ऐकत होतं, कुणी खिडकीतून बघत होतं. शेवटच्या बाकावर निखिल नावाचा एक दांडगट मुलगा शेजाऱ्याला म्हणाला,

"म्हातारी कवा थांबती रे? भूक लागली मला."

"थांबते बाबा, थांबते," तुळजाबाई बोलण्याच्या ओघात म्हणाल्या. "डब्यात काय आनलं?"

पुढच्या मुलींची पेनं थांबली. निखिल सवयीनं उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"उपमा," तो पुटपुटला.

"उपमा गार झाला की घशाखाली उतरत न्हाई. खाऊन घे."

मग जो हशा उठला तो तुळजाबाईंना दिसला. सगळी तोंडं एकदम उघडली. मॅडम शेजारून काहीतरी भराभर विचारत होत्या. तुळजाबाईंनी हात केला आणि त्यांना खांद्याला धरून समोर उभं केलं.

"असं. आता बोला."

"आजी, तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू न्हाई येत. दिसतं."

आणि मग त्यांनी पदर तोंडावर घेतला, हनुवटीखाली ओढला आणि जिनातलं ते बोलणं वर्गाला दाखवलं. नुसते ओठ हलवून त्या काहीतरी बोलल्या. मुलं एकमेकांकडं बघू लागली. पुन्हा बोलल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी चाचरत म्हणाली, "चहा... पाहिजे?" तुळजाबाईंनी टाळी वाजवली. मग काय विचारता. मुलांना खेळच सापडला. एक मुलगी पळत मैदानाच्या पलीकडच्या नळापाशी गेली आणि तिथून काही बोलली. तुळजाबाई खिडकीत उभ्या राहिल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "ती म्हनती, गनिताच्या बाईंना ताप येऊ दे." वर्ग बाकांवर चढला. मॅडम हसू दाबत होत्या आणि ते त्यांना जमत नव्हतं. फळ्यावरचा मथळा कुणाच्या तरी पाठीनं अर्धा पुसला गेला होता.

कितीतरी वर्षांनी तुळजाबाईंशी माणसं बोलत होती. त्यांना घाम आला होता, पाय दुखत होते, आणि खुर्चीवर बसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आजी," निखिलनं विचारलं. आता तो पुढं येऊन जमिनीवरच बसला होता. "असं कोनाचं हाय का, ज्याचं तुमाला कळत न्हाई?"

"हाय ना. तंबाखूवाल्याचं अर्धं कळतं. मिशावाल्याचं अंदाजानं. आमच्या अप्पाराव मुकादमाला ह्या एवढ्या मिशा होत्या, म्हनून त्याच्या शिव्या आमाला कधी लागल्याच न्हाईत." मुलं हसली. तुळजाबाई थांबल्या. "आन् रडनाऱ्याचं. रडनाऱ्याचं बिलकुल कळत न्हाई. ओठाला आकारच राह्यत न्हाई."

 मग त्या पुढं बोलल्या.

"प्रभावती म्हनून होती, माझ्या समोरच्या रेच्यावर. तिचं लेकरू गेल्तं. खाडा झाला तर जागा जायची, म्हनून लगीच कामावर आल्ती. कापूस टाकता टाकता तिनं पदर खाली ओढला आन् बोलाय लागली. मला एक सबुद कळंना. रेचा काय कुनासाठी थांबत न्हाई. मी उठले, तिच्याजवळ गेले. एका हातानं तिचा कापूस टाकला, एक हात तिच्या पाठीवर ठिवला."

"मंग?"

"मंग काय. थांबायचं. रडनं सरंस्तोवर. सरल्यावर बोलली ती."

"काय बोलली?"

"ते तिचं तिच्यापाशी."

मुलांच्या तोंडावरून फिरता फिरता तुळजाबाईंची नजर दुसऱ्या बाकावर गेली. तिथं तृप्ती बसली होती. सगळा वर्ग बाकं सोडून पुढं आला होता, ती तेवढी जागची हलली नव्हती. दोन्ही हात तिनं तोंडावर धरले होते आणि वरून नुसते डोळे दिसत होते.

 खेळाच्या नादात आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित एका डबाभर उपम्यापायी फुटलं होतं.

परतताना तृप्ती आधी पुढं पुढं चालत राहिली. जुन्या जिनाच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. तिथं मांडव घालायचं काम चाललं होतं, तो रस्ता तिनं मान खाली घालून ओलांडला. मग ती थांबली, आजीला येऊ दिलं आणि वळून उलटी चालू लागली, आजीकडं तोंड करून. आजीच्या हाती आपली ओढणी देऊन ती पाठमोरी पावलं टाकत होती आणि रिक्षावाले हॉर्न वाजवून तिला शिव्या देत होते.

चालता चालता तिचे ओठ हलले. आवाज काढला नव्हता. गळ्याची शीर हलली नाही, त्यावरून तुळजाबाईंना ते कळलं.

"आजी, सगळं?"

"सगळं न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "तुझी आई भाकरी करताना पाठ करती. तिचं निम्मं कळत न्हाई मला."

तृप्तीला हसू आलं आणि लगेच तिचे ओठ वाकडे झाले.

"मला सांगायचं होतं तुला. आई म्हणाली, सांगितलं तर बघ."

"तू इचारलं व्हतंस. 'आजी कशी राहील तिकडं?' दिसलंतं मला."

"मी सांगू का बाबांना? तुला कळतं म्हणून?"

तुळजाबाई रस्त्याच्या कडेला थांबल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नको. त्याचं त्याला सांगू दे. आजचा दिस हाय अजून."

दुपारी त्या झोपल्या नाहीत. खिडकीतही बसल्या नाहीत. खाटेवर भिंतीला टेकून दाराकडं तोंड करून बसून राहिल्या. बेबीनंदा मधूनमधून येऊन काहीतरी शोधल्यासारखं करून जात होती. एकदा तिनं तुळजाबाईंची लुगडी दोरीवरून काढून घडी केली आणि नेहमीच्या ट्रंकेत न ठेवता कापडी पिशवीत ठेवली. मग सासूकडं पाहून ओशाळं हसली. वाईट नव्हती ती. घडीवर घडी नीट बसवत होती, हिरवं लुगडं वर ठेवायचं म्हणून तिनं ते नेसून सोडल्या सोडल्या लगेच उन्हात घातलं होतं.

दिवेलागणीला राधेश्याम आला. हातपाय धुऊन त्यानं चहा घेतला. तो आपल्या जागेवर, भिंतीला टेकून, आईच्या बरोबर समोर बसला होता. कपातल्या चहाकडं बघत तो बायकोला म्हणाला,

"सांगून टाकतो आता. मच्छिंद्राकडं पूजा हाय म्हनतो. चार दिसांत आनतो म्हनतो."

"आन् चार दिसांनंतर?" बेबीनंदा म्हणाली. ती दारात उभी होती.

"तवाचं तवा. मच्छिंद्र बघंल. लेकरासारखं असतंय म्हाताऱ्या मानसाचं, इसरून जाती."

तुळजाबाई बघत होत्या. त्याच्या वरच्या ओठावरचा कांजिण्यांचा वण त्यांना दिसत होता. ह्याच ओठांवर पहिला शब्द आला तेव्हा त्यांनी तो असाच बघितला होता, सीझन संपून आष्टीला त्याला आणायला गेल्या होत्या तेव्हा.

त्यानं कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि खाटेपाशी आला. सवयीनं उजव्या बाजूला गेला. वाकला. तो वाकताच त्याचं तोंड नाहीसं झालं आणि तुळजाबाईंच्या समोर नुसती भिंत राहिली. आता चहाचा वास येणार, गरम वारा येणार, आणि आपण मान हलवायची. सकाळी जीप.

वारा आला नाही. तृप्तीनं बापाचा दंड धरला होता. दोघांनाही दिसेल अशी ती मध्ये उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"बाबा, कानात नको. समोर बसून सांगा. आजीला कानात कळत नाही."

"मंग कशात कळतं?"

तृप्तीनं आजीकडं पाहिलं. सांगू नको म्हटलेलं तिला आठवत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तुळजाबाईंनी मान हलवली नाही आणि नकारही दिला नाही.

"ओठांवरून," तृप्ती म्हणाली. "आज वर्गात सगळ्यांनी पाहिलं. मैदानापलीकडचंसुद्धा कळतं तिला."

राधेश्याम हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं मागं वळून भिंतीपाशी पाहिलं, जिथं त्याचा चहाचा कप होता, जिथं संक्रांतीपासून रोज त्याचं ताट होतं. मग खाटेकडं पाहिलं. मधलं अंतर असं कितीसं होतं?

"कवापासून?" बेबीनंदानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा हात वर गेला आणि तिनं पदर तोंडावर घट्ट दाबून धरला. त्यामागं ती अजून काही म्हणाली असेल. तुळजाबाईंना ते दिसलं नाही.

 राधेश्याम खाटेला वळसा घालून समोर आला आणि आईच्या पायांपाशी जमिनीवर बसला. दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. इतक्या जवळून, इतकं समोरून, त्याला त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. केस विरळ झाले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तुळजाबाईंनी पदर हनुवटीखाली ओढला. जुनी सवय, समोरच्याला कळावं, की बोल, मी बघतेय.

त्याचे ओठ उघडले. "आई" एवढं त्यांना दिसलं. त्याच्या पुढंही शब्द होते, ओठ हलत होते, बरंच काही एकदम बाहेर येऊ पाहत होतं; पण ओठ वाकत होते, थरथरत होते, एकात एक शिरत होते. महिनोन् महिने भिंतीपाशी बसून बोललेलं सगळं त्यांना कळलं होतं, आणि पायाशी बसून तो आता जे त्यांच्याशी बोलत होता, त्यातला एक शब्द कळत नव्हता.

"कळंना, राधू," तुळजाबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा सांगून पाहिलं. पुन्हा तेच झालं. त्यानं मनगटानं नाक पुसलं, तोंड बाजूला वळवलं. तुळजाबाईंनी त्याची हनुवटी धरून ते पुन्हा समोर केलं. मग पुढं वाकून दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि त्याच्या ओठांकडं बघत थांबून राहिल्या.